प्रस्तावकाका

सराफ्यात सकाळी अकराच्या सुमारास दोन गोष्टी जाहीर होतात. सोन्याचा भाव आणि प्रस्तावकाकांचा आजचा कार्यक्रम. सोन्याचा भाव वर-खाली तरी होतो. काकांचा कार्यक्रम वर्षानुवर्षं एकच : अर्ज देणे, दिलेल्या अर्जाचं काय झालं ते विचारणे, आणि काहीच झालं नसेल तर त्याबाबत अर्ज देणे.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. सांगितलं तर ते रागावतील; नाव छापलं म्हणून नव्हे, नावापुढे 'सेवानिवृत्त' लिहिलं नाही म्हणून. शिवाय हा माणूस तुमच्याही गल्लीत आहेच, त्याचं नाव घालून वाचलंत तरी चालेल. आमच्या जबलपूरच्या सराफ्यातले हिंदी व्यापारी त्यांना 'आपदावाले दादा' म्हणतात. इथली मराठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली; त्या घरांतून त्यांना 'प्रस्तावकाका' म्हणतात, अर्थात माघारी. तोंडावर नुसतं 'काका'.

काका वीज मंडळात, शक्तिभवनात हिशेबाच्या टेबलावर होते. निवृत्त झाले, पण टेबल काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला तीन पेनं : निळं, काळं आणि हिरवं. हिरव्या शाईने सही करायचा मान राजपत्रित अधिकाऱ्याचा, त्यामुळे ते पेन काकांनी आयुष्यात कधी कागदाला टेकवलेलं नाही. मग बाळगता कशाला? "अरे, ऐन सहीच्या वेळी साहेबाचं पेन बंद पडलं तर? याला म्हणतात पूर्वतयारी." काखेत काळी रेग्झिनची बॅग. तिच्यात टॅग लावलेल्या फायली, शाईचा डबा, डिंकाची बाटली, मोजपट्टी, शिट्टी, बॅटरी आणि गवंड्याकडे असतो तसला पितळी ओळंबा. हा ओळंबा घेऊन काका लोकांच्या घरासमोर उभे राहतात आणि एक डोळा मिटून भिंत बघतात. भिंत बघून झाली की घरमालकाकडे बघतात. घरमालक तोवर आत गेलेला असतो.

काकांचा विषय एवढाच आहे की संकट यायच्या आधी सरकारने वस्तीला पैसे द्यावेत. नंतर तर ते देतंच. मध्य प्रदेशात हे 'नंतर' सगळ्यांना तोंडपाठ आहे. राजस्व पुस्तक परिपत्रक, खंड सहा, क्रमांक चार. लोक नुसतं 'छह-चार' म्हणतात आणि खेड्यातल्या निरक्षर माणसालाही ते कळतं. "वीज पडून माणूस गेला, चार लाख. साप चावून गेला, चार लाख. भिंतीखाली गेला, चार लाख," काका बोटांवर मोजत सांगतात, "आणि तीच भिंत पडू नये म्हणून मी अर्ज केला, तर म्हणे नियमात बसत नाही! म्हणजे नियमात बसायला मी आधी भिंतीखाली बसायचं की काय?"

यावरून त्यांनी जगाची सरळ दोन भागांत वाटणी केली आहे : आधीचे पैसे आणि नंतरचे पैसे. कुणीही कुठल्याही खर्चाचा विषय काढला की काकांचा पहिला प्रश्न, "आधीचा की नंतरचा?" आणि दुसरा, "हेड कुठला?" शेजारच्या सुनेने दातात चांदी भरून घेतली तर काका खूश, आधीचा खर्च. तिच्या सासऱ्याने कवळी बसवली तर नाराज, नंतरचा. एका लग्नात आहेराचं पाकीट देताना त्यांनी नवऱ्यामुलालाच विचारलं, "यातून विमा काढणार की सोफा घेणार?" काकूंनी पाठीमागून कोट ओढला म्हणून पुढचं टळलं.

या वेडाची जन्मतारीख आहे. २२ मे १९९७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. मे महिना, त्यामुळे सगळं जबलपूर गच्चीवर झोपलेलं. कोसमघाटजवळ, शहरापासून जेमतेम काही किलोमीटरवर, खोल जमिनीत नर्मदेकाठच्या जुन्या भ्रंशावर हालचाल झाली आणि सहाच्या आसपासचा भूकंप झाला. चाळीसेक माणसं गेली, हजारो घरांना तडे गेले. काका गच्चीवर खाटेसकट सरकले. गुडघे वाजायचे थांबल्यावर ते खाली आले, तर शेजारच्या घराचा कठडा बरोब्बर त्यांच्या स्कूटरवर येऊन बसलेला. हा कठडा सुटला आहे असं काका त्या शेजाऱ्याला दिवाळीपासून सांगत होते. शेजारी म्हणायचा, "दादा, ये तो हमारे परदादा के ज़माने से ऐसा ही है."

पुढे पाहणी झाली. कठडा नोंदला गेला, स्कूटर नोंदली गेली नाही. निकषांत स्कूटर नव्हती. काका सांगतात की त्या दिवशी त्यांना दोन गोष्टी कळल्या. परदादाच्या काळापासून टिकलेली वस्तू परदादाच्या काळापासून पडायला आलेली असते. आणि सरकारी कागदात ज्याला रकाना नाही ते घडलेलंच नसतं. स्कूटर त्यांनी नंतर स्वतःच्या पैशाने दुरुस्त केली. ते बिल अजून फायलीत आहे.

काकूंचं माहेर लातूरकडचं. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला काय झालं ते त्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. सुमारे आठ हजार माणसं गेली, ती बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. पण काकांनी त्यातून जे उचललं ते निराळंच. मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला म्हणून ते लातूरला गेले आणि भल्या सकाळी एस्टी पकडून गावं बघायला निघाले. जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात गावंच्या गावं नवीन जागी वसवली गेली. त्याहून कितीतरी जास्त गावांत मात्र उभ्या घरांनाच मजबुतीसाठी अनुदान मिळालं. भिंतीत मधे मधे आरपार दगड, वरून काँक्रीटचा पट्टा. आणि गावकऱ्यांना हे समजावून सांगायला गावातल्याच बायका, 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या. काका एका आजीबाईंच्या घरात भिंतीला हात लावून तासभर बोलत बसले. इकडे मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या. काका संध्याकाळी उगवले ते खिशात दगडाची एक कपची घेऊन. "बघ, आरपार!" ते मेहुणीला म्हणाले. मेहुणीने पुढची काही वर्षं त्यांना घरच्या कार्याला बोलावलं नाही. काकांच्या मते ती वर्षं लातूरला जायला तशी अडचणीचीच होती.

सराफ्याची वस्ती ज्यांनी पाहिली नाही त्यांना काकांची काळजी अतिरेकी वाटेल. बडा फुहारा, कमानिया गेट, सराफा हा सगळा जुन्या शहराचा गाभा. खाली दुकानाचे काचेचे चकचकीत दर्शनी भाग, आणि वर मान केली की चुन्याची नाहीतर मातीची जुडाई, वाळवीने पोखरलेल्या तुळया, विजेच्या तारांची जाळी. माडीवर कारागीर. एका खोलीत पाच-सात जण, गॅसची टाकी, फुंकणी, तेजाबाच्या बरण्या आणि बाहेर पडायला एक जिना, तोही बोळासारखा. गल्ली कागदावर अग्निशमनाच्या गाडीपेक्षा रुंद आहे. त्यातून ओटे, पाट्या, लावलेल्या दुचाक्या आणि एक कायमस्वरूपी गाय वजा केली की नाही. काकांनी हे मोजमाप रात्री दुकानं बंद झाल्यावर टेप धरून केलं. सोन्याच्या बाजारात मध्यरात्री टेप घेऊन गल्ली मोजणाऱ्या माणसाचं काय होतं हे सांगायला नको. चौकीत चहा मिळाला, एवढं काका आवर्जून सांगतात.

भिंतींच्या तड्यांवर ते कागदाची पट्टी चिकटवतात आणि तिच्यावर तारीख घालतात. पट्टी फाटली की तडा वाढला, असा हिशेब. इंजिनिअर लोक काचेची पट्टी लावतात. काकांना कागद परवडतो. पण या पट्ट्यांचं सराफ्यात काही चालेना. सकाळी लावलेली पट्टी संध्याकाळी गायब. काकांना आधी वाटलं पोरं उपटतात. मग उलगडा झाला. पट्टी दिसली तर पावसाळ्यापूर्वी नगर निगमची 'जर्जर भवन' म्हणून नोटीस येईल अशी भाडेकऱ्याला भीती. नोटीस आली की आजोबांपासूनचं, आता नाममात्र राहिलेलं भाडं आणि दुकान दोन्ही गेलं. म्हणून भाडेकरू पट्टी काढतो. घरमालकाला वाटतं, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती मी का करू. पडलं तर जागा मोकळी होईल. म्हणून तोही पट्टीकडे बघत नाही. दोघांचं एरवी एकमेकांशी बोलणं नाही, कोर्टात तारखा चालू आहेत, पण काका ओळंबा काढताना दिसले की दोघं एकाच सुरात ओरडतात, "दादा, सब ठीक है!"

काकांनी यावर प्रस्ताव केला की अनुदान घरमालकाला न देता भिंतीला द्यावं. मूळ वाक्य असं होतं : "अनुदान की पात्रता व्यक्ति से न जोड़ी जाकर दीवार से जोड़ी जाए." मी हसलो. नंतर दोन दिवस विचार करत होतो की यात हसण्यासारखं नक्की काय आहे.

दर मंगळवारी आमच्याकडे कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. मंगळवारी काका दाढी करतात. इतर दिवशी करतातच असं नाही. अर्ज स्वच्छ हिंदीत : "विषय : सराफ़ा क्षेत्र में आपदा जोखिम न्यूनीकरण हेतु अनुदान बाबत." खाली संदर्भ क्रमांक, आणि त्या संदर्भांची यादी मूळ अर्जापेक्षा मोठी. अर्ज देऊन झाला की दुसऱ्या प्रतीवर 'प्राप्त' असा शिक्का घ्यायचा. या शिक्क्यासाठी ते जीव टाकतात. शिक्का पुसट उठला तर विनंती करून पुन्हा मारून घेतात. वेळ पडली तर स्वतःच्या डब्यातली शाई देतात. "काम होवो न होवो," ते म्हणतात, "नोंद राहील."

एकदा तिथल्या एका तरुण अधिकाऱ्याने त्यांना खुर्ची दिली आणि नीट समजावलं. काका, न्यूनीकरणाचा, म्हणजे धोका आधीच कमी करायचा, निधी आहे, पण तो असा अर्जावर मिळत नाही. खात्याकडून प्रकल्प यावा लागतो, त्याचा सविस्तर अहवाल लागतो, खर्च किती आणि त्यातून वाचणार किती याचं गणित लागतं, मग समिती. नागरिकाचा अर्ज म्हणजे प्रकल्प नव्हे. दुसरा कुणी हिरमुसला असता. काकांनी विचारलं, "त्या अहवालाचा नमुना मिळेल का?" मिळाला. इंजिनिअरिंगच्या दोन पोरांना पकडून काकांनी सराफ्याचा अहवाल तयार केला. पोरांना मानधन म्हणून रोज मंगोडे, म्हणजे मुगाची भजी. अहवालाचं वजन पाहता मंगोड्यांचा खर्चही बराच झाला असावा. तो अहवाल इथून तिथे, तिथून भोपाळला आणि भोपाळहून 'आवश्यक कार्यवाहीसाठी अग्रेषित' होऊन पुन्हा जिथून निघाला तिथेच येऊन पोचला. काकांनी ते अग्रेषणाचं पत्र लॅमिनेट करून घेतलं आहे. "राजधानी पाहून आला," म्हणतात.

निधीचा इतिहास त्यांच्या तोंडून ऐकावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ४७ आणि ४८ ला न्यूनीकरण निधी लिहिलेला होता, जिल्ह्याचासुद्धा. "लिहिलेला होता!" काका दोन्ही शब्दांवर जोर देतात. पंधरा वर्षं मदतीचा पैसा वाहता आणि न्यूनीकरणाचा कायद्याच्या पुस्तकात. मग १५वा वित्त आयोग आला. राज्यांसाठी २०२१ ते २०२६ या पाच वर्षांचे मिळून १,६०,१५३ कोटी, आणि त्यातले २० टक्के सक्तीने आधीच्या कामांना. उरलेल्या ऐंशीत चाळीस तातडीच्या मदतीला, तीस पुनर्बांधणीला, दहा पूर्वतयारीला. शिवाय केंद्राचा वेगळा न्यूनीकरण निधी, १३,६९३ कोटींचा. ही बातमी आली त्या दिवशी काकांनी सराफ्यात खोव्याची जलेबी वाटली. लोकांना वाटलं नातू झाला.

जलेबीचा पाक वाळायच्या आत पुढचा तपशील आला. शहरांतल्या पुरासाठी केंद्राच्या निधीतून सात शहरं निवडली होती. मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना पाचशे-पाचशे कोटी. पुणे, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद यांना अडीचशे-अडीचशे. "आणि आम्ही?" बावन्न ताल आणि चौऱ्याऐंशी तलैयांचं शहर म्हणून मिरवणारं जबलपूर, त्यातले कितीतरी ताल बुजवून त्यांच्यावर वस्त्या बसवल्या, ओमती नाला आणि मोती नाला पावसाळ्यात कुठे शिरतात ते येऊन बघा म्हणावं! काकांचा भाचा पुण्यात सिंहगड रोडला राहतो. त्या दिवसापासून प्रत्येक पावसाळ्यात काका त्याला फोन करतात. तब्येत, मुलं, नोकरी यातलं काही नाही. "काय रे, तुमचे अडीचशे कोटी पोचले का?" भाच्याच्या पार्किंगमध्ये तेव्हा गुडघाभर पाणी असतं. तो म्हणतो, "मामा, माझ्याकडे तरी अजून नाही आले."

घरात काकांनी ८०:२० लगेच लागू केलं. पेन्शनचे वीस टक्के न्यूनीकरणाला. छत्रीच्या काड्या, गॅसची नळी दर वर्षी नवी, गच्चीची डांबरपट्टी, पावसाळ्याआधी मच्छरदाणी. काकू महिनाभर गप्प राहिल्या. मग एक दिवस गुडघ्याचा पट्टा, बाथरूममध्ये धरायला दांडा आणि घसरू नये अशा चपला अशी लेखी मागणी त्यांनी काकांपुढे ठेवली. "हेड?" काकांनी सवयीने विचारलं. "न्यूनीकरण," काकू म्हणाल्या, "मी पडल्यावर तुम्हाला ऐंशीतून भरावे लागतील." अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. काकूंचं म्हणणं, यांच्या आयुष्यात एवढ्या जलद निकालात निघालेलं हे एकमेव प्रकरण. एरवी काकांविषयी त्यांची तक्रार एकच आहे : "लग्नाआधी मला कुणी पूर्वसूचना दिली नव्हती."

दाराशी खिळ्याला आपत्कालीन झोळी टांगलेली. बॅटरी, मेणबत्ती, शिट्टी, औषधं, आधार आणि राशनकार्डाच्या प्रती, दाण्याची चिक्की, बिस्किटं. बिस्किटं शिळी होऊ नयेत म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला काका जुनी काढतात, नवी भरतात. जुनी गल्लीतल्या पोरांना. त्यासाठी पोरांनी आधी 'झुको, ढको, पकड़ो' करून दाखवायचं : वाकायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरायचा. सराफ्यातली एकूण एक पोरं हे झोपेतही करतील, कारण त्यांना वाटतं की भूकंप झाला की बिस्किट मिळतं.

सगळेच प्रयोग असे जमतात असं नाही. मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात नाटकाच्या मध्यंतरात काकांनी अग्निशामक नळकांड्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. पिन काढली, नळी धरली, दाबलं. पांढरी पूड निघाली ती थेट बटाटेवड्यांच्या परातीत. पुढच्या अंकात नायकाने भूत पाहून दचकायचं होतं. त्या आधीच पहिल्या तीन रांगा भुतासारख्या दिसत होत्या. आणखी एक घाव त्यांना बसला तो 'आपदा मित्र' योजनेचा. स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण, सोबत साहित्याचा संच. काका सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले. वयाची अट होती १८ ते ४०. "चाळीस वर्षांचा तर माझा अनुभव आहे," ते म्हणाले. त्या संचातलं जाकीट घातलेला पोरगा रस्त्यात दिसला की अजूनही ते त्याला थांबवतात आणि दोराची गाठ मारून दाखवायला सांगतात. चुकली तर सोडून, नीट मारून देतात.

सराफ्यातल्या नाल्यांचं प्रकरण मात्र त्यांनी स्वतःहून मागे घेतलं. पावसाळ्यापूर्वी गाळ काढण्यासाठी अनुदान मागायचं ठरलं होतं. पाहणीला गेले तर नाली लख्ख. इथल्या नाल्यांतून पहाटे न्यारिये, आपले झारेकरी, ब्रश आणि घमेली घेऊन फिरतात. कारागिराच्या कपड्यावरून, हातापायांवरून धुतलं गेलेलं कणभर सोनं गाळातून काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. गाळाचा कण न् कण ते उचलून नेतात. काकांचा प्रस्ताव ऐकून त्यातला एक म्हातारा घाबरलाच. "साहब, सरकार से मत साफ़ कराओ, हम बर्बाद हो जाएँगे." काका बराच वेळ नालीच्या कडेला उभे होते. घरी येऊन त्यांनी टिपून ठेवलं : शहरातली एकच नाली कधी तुंबत नाही, आणि तिच्यासाठी एकही अर्ज झालेला नाही.

दसऱ्याला सुनरहाई आणि नुनहाई या मोहल्ल्यांतल्या देव्या खऱ्या सोन्याच्या दागिन्यांनी मढवतात. बघायला सारं शहर लोटतं आणि दागिन्यांसाठी बंदूकधारी पोलिसांचा पहारा असतो. काकांचं लक्ष दागिन्यांवर नसतं. मांडवाच्या कापडाला टेकलेल्या वायरवर असतं. एका वर्षी वाळूची बादली आणि काळी बॅग घेऊन ते देवीपाशी घुटमळताना दिसले, तशी पोलिसाने बॅग उघडायला लावली. ओळंबा, शिट्टी, फायली. रात्रभराची ड्यूटी, करायला काही नाही. पोलीस एक फाईल वाचत बसला. पहाटे त्याने हळूच विचारलं, "दादा, हमारे गाँव के नाले पर पुलिया नहीं है. बच्चे बरसात में तैर के स्कूल जाते हैं. इसमें कुछ हो सकता है?" काकांनी देवीच्या दिव्याच्या उजेडात तिथल्या तिथे त्याचा अर्ज लिहून दिला. हेडसकट.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या एका खासगी रुग्णालयाला आग लागून आठ जण गेले, तेव्हा मात्र काका कुणाला काही म्हणाले नाहीत. 'मी आधीच सांगितलं होतं' हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्या आठवड्यात एकदाही ऐकू आलं नाही. फक्त सगळ्या माड्यांवर जाऊन त्यांनी गॅसच्या नळ्या बघितल्या आणि स्वतःच्या वीस टक्क्यांतून तीन बदलून दिल्या. जिन्याच्या तोंडाशी वाळूच्या बादल्या ठेवल्या. लोकांनी त्यात पान थुंकायला सुरुवात केली. काकांनी बादल्यांवर देवाचं चित्र लावलं. थुंकणं थांबलं, फुलं पडायला लागली.

आणि मागच्या हिवाळ्यात एका दुपारी खरंच तसं झालं. एका माडीवर नळी सुटली, भपकन ज्वाळा उठली. कारागीर जिन्याकडे पळाले. बिस्किटं खाऊन मोठा झालेला त्यांच्यातला एक पोरगा मात्र मागे वळला, टाकीचा खटका बंद केला, आणि खालच्याने बादली वर दिली. फुलांसकट वाळू पडली. झालं. दोन मिनिटांत आग विझली. एक गादी जळाली. बाजार पुन्हा भाव विचारायला लागला.

संध्याकाळी काका माझ्याकडे आले ते अस्वस्थ. मला वाटलं आनंदाने आले असतील. त्यांनी बॅगेतून छह-चारचा फॉर्म काढून समोर ठेवला. मृत, निरंक. जखमी, निरंक. घर पडलं, निरंक. पशुहानी, निरंक. "सांग, हे लिहू कुठे?" ते म्हणाले. "सात माणसं, वरची माडी, शेजारची दोन दुकानं. यातलं काहीच गेलं नाही. जे झालं नाही त्याला रकानाच नाही रे कुठल्या कागदात. मग नोंद कशी राहणार?" मी म्हटलं, काका, जाऊ द्या, माणसं तर राहिली. ते माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी आवक-जावकच्या बाकावर बसून पान खात होतो.

त्यांनी तो रकाना शेवटी हाताने आखला. फॉर्मच्या तळाशी, पट्टी धरून, काळ्या पेनाने. वर शीर्षक : 'जो नहीं हुआ'. मंगळवारी नेऊन दिला आणि शिक्काही घेतला.

आता २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमायची तरतूद कायद्यात आली आहे. अध्यक्ष निगम आयुक्त, उपाध्यक्ष कलेक्टर. म्हणजे काकांना जिथे खेटे घालावे लागत होते ती दोन्ही दारं एका टेबलाला येणार. काका तरुण झाल्यासारखे दिसतात. नवी फाईल उघडली आहे, नवा टॅग आहे, आणि सह्यांची मोहीम सुरू आहे. घरमालकाने सही केली. ते पाहून भाडेकरूनेही केली, पण घरमालकाच्या सहीच्या वर.

तुमच्याकडचा प्रस्तावकाका सह्यांचा कागद घेऊन येईल तेव्हा त्याला जिन्यातूनच परत पाठवू नका. बसवा, चहा द्या, सही करा. झेरॉक्सचे पैसे तो स्वतःच देतो. फक्त नावाखाली पत्ता पूर्ण लिहा, घर क्रमांक आणि वॉर्डासकट. अपुऱ्या पत्त्यावर अर्ज परत येतो.